गुजरीतलं उरलंसुरलं

माझ्या शिलाईच्या दुकानात चिंध्या उरतात, त्यांची मी पायपुसणी करते. गुजरीत, म्हणजे आमच्या संध्याकाळच्या भाजीबाजारात, भाजी उरते, तिला आम्ही वाटेला लावतो. पण हे करता करता जे किस्से उरतात, त्यांचं काय करायचं ते सांगा! भाजी दोन दिवसांत माना टाकते. किस्से मात्र पडून पडून ताजे होतात. चार जणी ब्लाउजचं माप द्यायला आल्या की एक तरी बाहेर पडतोच, आणि मग माप चुकतं!

आधी ओळख करून देते. मी वनिता, चंद्रपुरात ब्लाउज शिवते. दुसरे शेंडेभाऊ, कोळशाच्या खाणीतून रिटायर झालेले. जन्मभर मशीनच्या आवाजात बोलायची सवय, त्यामुळे त्यांनी कानात सांगितलेलं अख्ख्या चौकाला कळतं. तिसरी मंदाबाई. ती गुजरीतच भाजी विकते. बाकी माणसं रविवार बघून येतात-जातात, पण रोजचे आम्ही तिघं. आमच्या ग्रुपला नाव नाही. बाजारातल्या लोकांनीच ठेवून दिलंय, 'उरलंसुरलं'. आधी राग यायचा. आता फोनवर मीच सांगते, "हॅलो, उरलंसुरलं बोलतेय!"

काम साधं आहे. बाजार उठताना जी चांगली भाजी पडून राहते ती उचलायची, निवडायची, शेंडेभाऊंच्या छोट्या मालवाहू गाडीत भरायची आणि ज्यांच्या ताटात भाजी नसते तिथे पोचवायची. बस! पण एवढ्याशा कामासाठी मी जितकी भांडले ना, तितकी सासरीसुद्धा भांडले नाही!

*

सुरुवातच भांडणाने झाली.

ठोक बाजारात त्या दिवशी फुलगोबीचा डोंगर आला होता. भाव पडले, गिऱ्हाईक गेलं, डोंगर तसाच. एका अडत्याने आपल्या माणसाला हाक मारली, "फिनाईल आण बे!"

मी भाजी घ्यायला थांबले होते. विचारलं, "फिनाईल कशाला?"

"गोबीवर टाकाले. फुकट उचलून नेली लोकायनं, तं उद्या इकत कोण घेईन?"

तेव्हा शेंडेभाऊंची आणि माझी ओळखही नव्हती. ते पुतण्याच्या लग्नाला निघाले होते. पांढरा कडक इस्त्रीचा सदरा, पांढरा पायजमा, काखेत आहेराचं पाकीट. त्यांनी हे ऐकलं. सरळ गेले आणि त्या गोबीच्या ढिगावर मांडी घालून बसले!

"टाक आता फिनाईल," ते म्हणाले. "माह्या डोक्यापासून सुरू कर."

अडत्या हसला. "भाऊ, नाटक नका करू."

"आमच्या झाडीपट्टीत नाटक सकाळपर्यंत चालते! हे तं आत्ता सुरू झालं!"

फिनाईलवाला डबा धरून उभा, अडत्या घाम पुसतोय. तेवढ्यात बाहेरून मंदाबाई आली. तिने सगळं पाहिलं, टोपली आपटली आणि म्हणाली, "भाऊ, तुमी तसेच बसून राहा. आमी खालून काढतो."

आणि आम्ही काढायला लागलो! मी, मंदाबाई, दोन हमाल, भाजी घ्यायला आलेल्या बाया. गोबी निघत गेली तसे शेंडेभाऊ हळूहळू खाली येत गेले. मांडी मात्र मोडली नाही. शेवटी टेकले जमिनीवर, तेव्हा उठले, सदरा झटकला आणि लग्नाला गेले.

मांडवात बायकोने पाहिलं. पायजमा मागून हिरवागार!

"हे मागं काय लागलं तुमच्या?"

"गोबी."

"आन् आता पुढं?"

"आता पुढंही गोबीच!"

*

गोंडपिपरीच्या पुढे जंगल खात्याचा नाका आहे. तिथे एक नवीन गार्ड आला होता, पार तिकडचा, कोल्हापूर-सांगलीकडचा. पोरगा कामाला कडक. आम्ही एका वसतिगृहाला भाजी घेऊन निघालो होतो. त्याने गाडी अडवली.

"गाडीत काय आहे?"

शेंडेभाऊंनी काच खाली केली आणि आपल्या आवाजात सांगितलं, "सांबार!"

त्याचा चेहराच बदलला. "काय?"

"सांबार जी. दोन पोते."

"पोत्यात भरलंय?"

"मंग? सुटं कसं नेणार?"

"कुठं मिळालं?"

"चंद्रपूरले. गुजरीत पडून होतं. म्हटलं उचलून घ्याव, नाई तं उद्या वास मारन."

गार्ड दोन पावलं मागे सरकला. "आणि नेताय कुठं?"

"पोरींच्या वसतिगृहात. संध्याकाळी कापाचं, पोरी खुश!"

त्याने शिट्टी मारली! आतून आणखी दोघं काठ्या घेऊन धावत आले. "खाली उतरा! हात वर!" शेंडेभाऊ हात वर करून उतरले. मी मांडीवर मेथी घेऊन बसले होते, तशीच मेथीसकट हात वर करून उतरले. हसू दाबता दाबता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गार्डला वाटलं, बाई घाबरून रडतेय.

पोतं सोडलं. हिरवागार वास नाक्यावर पसरला.

"ही तर कोथिंबीर आहे!"

आता आतून आलेले दोघं, इथलेच ते, पोट धरून हसायला लागले. नवीन पोरगा लालबुंद. "मग कोथिंबीर म्हणा ना सरळ! जंगलाच्या नाक्यावर सांबर म्हणता?"

शेंडेभाऊंनी हात खाली केले. "कोथिंबीर ते तुमच्या गावाले. इथी हे सांबारच हाय, माह्या आजीपासून. नाव बदलाचंच असन तं जंगलातल्या त्या सांबराचं बदला. त्याले काही फरक पडत नाई!"

परत येताना पाहतो तर दांडी आधीच वर! आणि तोच गार्ड सोबत्याला ओरडून सांगतोय, "सोड रे, सांबारवाले आहेत!"

*

एका सुशिक्षित माणसाने शेंडेभाऊंना विचारलं, "पण तुम्हाला यातून काय मिळतं?"

"वांगे."

"तसं नाही हो. तुम्हाला स्वतःला?"

"स्वतःलेही वांगेच. बायको म्हणते, आता काही दुसरं मिळत असन तं पाहा!"

*

आमच्या एका पुढाऱ्याला कुठून तरी आमचा पत्ता लागला. निवडणूक जवळ होती. त्याचा माणूस येऊन म्हणाला, "साहेब स्वतःच्या हाताने भाजीवाटप करणार."

वसतिगृहाच्या बाईंना नाही म्हणता येईना. साहेब आले. त्यांच्या आधी त्यांचं बॅनर आलं, त्यांच्याहून मोठं. आम्ही वालाच्या शेंगा आणल्या होत्या, त्या टोपल्यात ठेवून टोपलं बॅनरपुढे सरकवलं गेलं. फोटोवाला म्हणाला, "मुलींनो, रांगेत या, एकेकीने हात पुढे करा, साहेब शेंगा देतील, तुम्ही कॅमेऱ्याकडे पाहून हसा."

पहिली उभी होती दुर्पता. नववीतली, सिरोंचाकडची, एरवी तोंडातून शब्द काढत नाही. तिने हात पुढे केलाच नाही. मागे बांधून उभी.

"घे ना बेटा," साहेब म्हणाले.

"सर, हातात नका देऊ," ती म्हणाली. "ताटात द्या."

वसतिगृहाच्या बाईंचा जीव खालीवर. साहेबांच्या हातातल्या शेंगा हातातच. तिच्या मागच्या मुलीनेही हात मागे बांधले. मग तिच्या मागचीने. बघता बघता अख्खी रांग हात मागे बांधून उभी!

मंदाबाई पुढे आली. "बराबर बोलली पोरगी. ताटात येवाले आधी शेंगा निवडा लागते ना जी, साहेब. बसा!"

"मी?"

"मंग? स्वतःच्या हातानं देतो म्हणे ना तुमी?"

इतक्या पोरी पाहत होत्या. पळता येईना. साहेब चटईवर बसले. मंदाबाईने पुढ्यात टोपलं ठेवलं आणि शिकवलं, "हे टोक मोडाचं, अशी शीर ओढाची. नाई, नाई, तुटली! दुसरी घ्या." साहेबांच्या नखांत हिरवं गेलं, कडक खादीवर शिरा चिकटल्या. दुर्पता शेजारी बसून त्यांनी निवडलेल्या शेंगा परत तपासत होती आणि अर्ध्या त्यांनाच परत देत होती!

तो फोटो साहेबांनी कुठेच छापला नाही. आम्ही मात्र गुजरीत मंदाबाईच्या जागेवर चिकटवला. खाली तिने लिहून घेतलं, "येथे शेंगा निवडून मिळतील."

*

माझ्या घरी माझ्या या कामाला सगळ्यात मोठा विरोध कोणाचा असेल, तर सासूबाईंचा. "लोकायच्या टाकलेल्या भाज्या उचलते," असं त्या शेजारी-पाजारी स्वतःच सांगत फिरायच्या.

मग पोरीला पाहायला नागपूरची मंडळी आली. पोरगा शांत, आईवडील बरे. पण सोबत एक आत्या होती. त्यांच्या घरात आत्या म्हणेल ती पूर्व दिशा. जेवणं झाली. वांग्याच्या भरताची सगळ्यांनी तारीफ केली. आत्याबाईंनी तर तीनदा घेतलं. सुपारी कातरत त्या म्हणाल्या, "बाकी सगळं पसंत आहे. फक्त एक गोष्ट ऐकली. मुलीची आई बाजारात सडकी भाजी गोळा करते म्हणे. लग्नानंतर ते बंद व्हायला पाहिजे. आमच्याकडे चारचौघांत उठबस असते."

इतकं चांगलं स्थळ! नवरा माझ्याकडे पाहतोय, मी पोरीकडे, पोरगी जमिनीकडे. मला वाटलं, बोलू का नको? म्हणून टाकू का, हो, बंद करते?

आणि आतल्या खोलीच्या दारातून सासूबाईंचा आवाज आला.

"भरीत कसं लागलं जी, आत्याबाई?"

"छानच होतं."

"तीनदा घेतलं तुमी."

"हो, घेतलं."

"ते त्याच सडक्या वांग्यायचं होतं!"

आत्याबाईंच्या हातातला अडकित्ता थांबला. नवऱ्या मुलाने तोंडावर रुमाल धरला, हसतोय की खोकतोय कळेना. मंडळी पाणी पिऊन उठली. स्थळ गेलं ते गेलंच.

त्यांची गाडी वळणाआड गेल्यावर मी म्हटलं, "आई, ती वांगी तर मी सकाळी गुजरीतून भाव देऊन, एकेक पारखून आणली होती!"

"माहीत हाय मले," सासूबाई म्हणाल्या. "माह्या सुनेले मी बोलीन. ते कोण होय बोलणारी?"

दुसऱ्या दिवशी परत सगळ्या शेजारणींना सांगत होत्या, "टाकलेल्या भाज्या उचलते!"

*

हा किस्सा हसण्याचा नाही, पण सांगते.

एका सरकारी दवाखान्याबाहेर पेशंटची माणसं झाडाखाली राहतात. कोणी एटापल्लीचं, कोणी कोरचीचं, कोणी सिरोंचाचं. आम्ही तिथे भाजी द्यायला लागलो. पालक, भेंडी, टमाटे. लोक घ्यायचे, हात जोडायचे. आम्ही खुश होऊन घरी यायचो.

एक माणूस रोज एकटाच बसलेला असायचा. बायको आत होती, बाळंतपणात बिघाड झाला होता. बाळ गेलं होतं. मी त्याला पालकाची जुडी दिली. त्याने ती दोन्ही हातांत धरली आणि अगदी हळू विचारलं, "बाई, शिजवू कशात?"

मी त्याच्या आजूबाजूला पाहिलं. एक चादर, एक पिशवी, एक पाण्याची बाटली. झाडामागे आम्ही आदल्या दिवशी दिलेली भेंडी नीट मांडून ठेवलेली. तशीच, कच्ची. टाकवत नव्हती त्याला.

शेंडेभाऊंनी गाडी वळवली आणि घरून भात शिजवायचा मोठा गंज, तेल, मीठ, तिखट, तांदूळ घेऊन आले. मंदाबाईने तीन विटा मांडल्या. काटक्या पेटवल्या, तसा वॉचमन धावत आला.

"बाई, इथं चूल पेटवायची मनाई आहे!"

मंदाबाई फुंकणं थांबवून म्हणाली, "माणसं इथी. भूक इथी. मंग चूल कुठी पेटवू, तुमच्या घरी?"

"मला वर विचारावं लागेल."

"विचारा ना जी. सावकाश विचारा. भाताले वेळ हाय."

वॉचमन वर गेला. बराच वेळ आलाच नाही. तोवर झाडाखालची माणसं गोळा झाली. कोणी टमाटे चिरले, कोणी पाणी आणलं. तो माणूस उठला आणि पालक धुवायला बसला. इतक्या दिवसांत त्याला कोणाशी बोलताना आम्ही पाहिलं नव्हतं. आता शेजारच्या म्हाताऱ्याला सांगत होता, "आमच्याकडं पालकात चिंच टाकते." भात शिजला, भाजी झाली. त्यानेच सगळ्यांना वाढलं.

मग वॉचमन आला. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत राहिलो.

"वर कोणी भेटलं नाही," तो म्हणाला आणि पाठीमागे लपवलेला रिकामा डबा पुढे केला.

*

कोहळे टिकतात. ते घेऊन आम्ही एकदा पार भामरागडकडे निघालो. हेमलकशाच्या बाजूच्या एका निवासी शाळेतल्या मास्तरांनी मागितले होते. पावसाळ्यात तिकडे जाऊ नका असं सगळ्यांनी सांगितलं. म्हणून शेंडेभाऊ हटकून गेले!

अर्ध्या वाटेत नाला चढला. पुढचा रस्ता पाण्यात, मागे फिरलो तर मागचा पूलही पाण्यात. मध्ये एक लहानसं गाव. तिथल्या शाळेच्या ओसरीवर आम्ही तिघं आणि गाडीभर कोहळे. ओल्या कपड्यांनी कुडकुडत बसलो.

गावातल्या बाया आल्या. पुढे एक म्हातारी, वाकलेली, पण नजर कडक. "जोहार," म्हणाली. मग विचारलं, गाडीत काय. गोंडी बोलत होती, सोबतची सून मराठीत सांगत होती.

शेंडेभाऊंनी मोठेपणाने सांगितलं, "भाजी हाय, आई. शहरातून आणली. पावसात तुमचे हाल होत असन ना, घ्या तुमीपण!"

सुनेने सांगितलं. म्हातारीने आमच्याकडे पाहिलं. भिजलेले, थरथरणारे, दात वाजणारे आम्ही तिघं! आणि ती हसायला लागली. मग सगळ्या बाया हसायला लागल्या.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणते, हाल कोणाचे होऊन राह्यले?"

जरा वेळाने ओसरीवर चूल पेटली. वास्त्यांची म्हणजे बांबूच्या कोंबांची भाजी, तरोट्याचा पाला, जंगलातल्या सात्या म्हणजे अळंब्या, भाकर नाही पण गरम भात. मी आयुष्यात इतकं जेवले नसेन. पाणी उतरेना, म्हणून मुक्काम वाढत गेला आणि रोज नवीन भाजी. मंदाबाई भाजीवाली असूनही एकेका भाजीचं नाव विचारत होती आणि लगेच विसरत होती.

पाणी उतरलं. निघताना शेंडेभाऊंनी एक कोहळा म्हातारीपुढे ठेवला. या वेळी आवाज खाली आणून, "आई, उपकार म्हणून नाई. पाहुण्यानं रिकाम्या हातानं येऊ नाई म्हणून."

तिने तो उचलला, टिचकी मारून पाहिला आणि सुनेच्या हाती दिला. मग आमच्या गाडीत वास्त्यांची एक गाठोडी ठेवली. काहीतरी म्हणाली. बाया पुन्हा हसल्या.

"आता काय म्हणते?"

सून पदर तोंडाला लावून म्हणाली, "तुमच्या शहरात वाटा म्हणते. तिकडं लोकायचे हाल हायत, असं तुमच्याकडं पाहून वाटते!"

*

आता शेवटचा.

गुजरीला नवीन ठेकेदार आला. तरुण पोरगा, याच बाजारात लहानाचा मोठा झालेला. त्याचं म्हणणं, उरलंसुरलं फुकट वाटलं जातं म्हणून बाजाराचे भाव पडतात. त्याने संध्याकाळी सगळ्या गुजरीत फिरून सांगितलं, "यायले जो कोणी भाजी देईन, त्याची जागा उद्यापासून दुसऱ्याले!"

जागा म्हणजे एक बारदाना अंथरण्याइतकी जमीन. पण मंदाबाईने त्या जमिनीवर पोरं वाढवली होती. तिची सासू तिथेच बसायची. ती आमच्याकडे आली आणि माझ्याकडे न पाहता बोलली.

"उद्यापासून तुमी येऊ नका जी."

शेंडेभाऊंनी गाडीचं उघडलेलं फाळकं परत लावलं.

तरी दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. मागायचं काही नाही, बोलायचं काही नाही, फक्त रिकामी गाडी घेऊन फाटकाबाहेर उभं राहायचं, असं ठरवलं. का, ते आम्हालाही माहीत नव्हतं. घरी बसवेना, एवढंच.

बाजार उठायची वेळ झाली. ठेकेदार मधोमध मोटरसायकलवर बसून सगळ्यांवर नजर ठेवून.

मंदाबाई उठली. तराजू पिशवीत टाकला, लुगडं झटकलं आणि चालायला लागली. तिच्या बारदान्यावर वांगी, चवळी, टमाट्यांचा ढीग तसाच.

"मंदाबाई," ठेकेदार ओरडला, "भाजी राह्यली तुमची!"

ती थांबली. मागे वळून पाहिलं. "हो का? इसरली वाट्टे."

"मंग उचला ना!"

"घरी पोचली ना जी मी आता," मंदाबाई म्हणाली आणि त्याच्या अगदी समोरून चालत गेली.

मग टमाटेवाला इस्माईलभाई उठला. कॅरेट तिथेच. "अरे, मेरा भी रह गया शायद," असं कोणालाच न सांगता सांगितलं आणि गेला. पलीकडच्या दोघी जावा उठल्या. त्यांचा पालक, मेथी, सांबार, सगळं जागेवर. "काय बाई, आजकाल काही ध्यानातच राहत नाई!" एकामागून एक माणसं उठत होती. भेंडी विसरत होती, कारली विसरत होती, मिरच्या विसरत होती. ठेकेदार गाडीवरून उतरून इकडे धावे, तिकडे धावे. "कोणी देलं? सांगा, कोणी देलं?" पण दिलं कोणीच नव्हतं!

शेंडेभाऊ फाटकाबाहेर गाडीला टेकून उभे होते आणि डोळे पुसत होते. मी बघितलं तर म्हणाले, "मिरच्यायचा झणका हाय."

सगळे गेले. नळाजवळच्या कोपऱ्यात एकटी गिरजाबाई उरली. ती ठेकेदाराची सख्खी आई. पोराला ठेका मिळाला, पक्कं घर झालं, पण म्हातारीने अंबाडी विकायची सोडली नव्हती. घरी बस म्हणून पोराने हात जोडले, तरी रोज येऊन आपल्या जागेवर बसायची.

ती काठी धरून हळूहळू उठली. अंबाडीच्या जुड्या बारदान्यावर एकसारख्या लावल्या, त्यांवर पाण्याचा हात मारला आणि निघाली.

ठेकेदार तिच्यापुढे येऊन उभा राहिला. "आई," तो म्हणाला, "तू तरी नको ना!"

गिरजाबाईने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"म्हातारी झाली ना बाप्पा," ती म्हणाली. "सारंच इसरून राह्यली. कधी कधी तं तुलेही इसरते."